उतरणीचा आरंभ

देणाऱ्याने विद्या निष्ठेने दिली आणि घेणाऱ्याने ती विश्वासाने घेतली, तरी तिच्यात एखादा दोष राहून जाऊ शकतो. तो पुढे कधी तरी उघड होतो, आणि तेव्हा बहुधा घेणाऱ्याच्या अंगावर उमटलेला असतो. अशा वेळी देणाऱ्याने काय करावे? क्षमा मागता येते. तिला चार शब्द पुरतात. पण जे दिले ते परत कसे घ्यावे? ती काही कपाटातून काढून आणण्याजोगी वस्तू नव्हे. सतरा वर्षांत ती दुसऱ्याच्या स्नायूंत मुरलेली असते आणि मालकाला न विचारता आपले काम करीत असते. गोल्फ शिकवण्यात उभा जन्म घालवलेल्या एका मास्तरांपुढे हा प्रश्न वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, एका डॉक्टरांच्या खोलीत, दुपारी सव्वातीनच्या सुमारास येऊन उभा राहिला.

डॉक्टरांना गोल्फमधले काही कळत नव्हते आणि तसे त्यांनी आरंभीच सांगून टाकले होते. ‘‘मला फक्त पाठ कळते,’’ ते म्हणाले. भिंतीवरच्या उजेडाच्या चौकटीत मास्तरांच्या लेकीच्या कण्याचे चित्र लावलेले होते. खालच्या दोन मणक्यांमधली गादी एका बाजूने झिजून गेली होती. डॉक्टरांनी तिथे पेनचे टोक ठेवले आणि काही वेळ काढले नाही. लेक अठ्ठावीस वर्षांची. खुर्चीच्या कडेवर ताठ बसून ती ते चित्र असे पाहत होती, की जणू शेजारच्या घराचा नकाशाच आहे.

‘‘मारताना नेमकं काय करता, ते एकदा करून दाखवा,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘हळू. जोर नको.’’

कोपऱ्यात एक छत्री उभी होती. लेकीने ती दोन्ही हातांत धरली, पावले टेकवली आणि बॉल मारायचा क्लब न्यावा तशी छत्री उजव्या खांद्यावरून मागे वर नेली. वर नेल्यावर ती थांबली आणि थांबूनच राहिली. तेव्हा मास्तरांचा हात पुढे झाला. त्या हातात तपासणीच्या कागदांची गुंडाळी होती. तिच्या टोकाने त्यांनी लेकीच्या डाव्या कमरेवर टक् केले. त्याच क्षणी तिची कंबर झटक्याने डावीकडे निघाली, मागोमाग छत्री आली आणि भिंतीवरचे कॅलेंडर खाली पडले.

डॉक्टरांनी कॅलेंडरकडे पाहिलेच नाही. ‘‘तुम्ही आत्ता काय केलंत?’’

‘‘सवय,’’ मास्तर म्हणाले.

‘‘कधीपासूनची?’’

उत्तर लेकीने दिले. ‘‘मी अकरा वर्षांची होते तेव्हापासून. बाबा मागे उभे राहतात. छडी लागली की कंबर निघते. स्पर्धेत बाबा नसतात, तेव्हा मी मनातल्या मनात टक् करते.’’

डॉक्टरांनी पेन खिशाला लावले. मग म्हणाले, ‘‘सगळा दोष याचाच, असं मी म्हणणार नाही. काहींच्या पाठी मुळातच नाजूक असतात. पण धड वर अडकलेलं असताना कंबर अशी हिसडून पुढे काढायची, दिवसाला दोन-तीनशे वेळा... एक तर खेळ सोडा, नाही तर ही सुरुवात बदला. नाही तर चार वर्षांनी बुटाची नाडी बांधायला दुसऱ्याला बोलवाल.’’

मास्तरांनी वाकून कॅलेंडर उचलले, खिळ्याला लावले आणि ते सरळ आहे ना हे एक पाऊल मागे सरून पाहिले. आपल्याला आता काही तरी वाटायला हवे, हे त्यांना समजत होते. ते वाट पाहत राहिले. काही वाटले नाही. उजवा हात तेवढा कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा अंगाबरोबर घरापर्यंत आला.

इथे थोडे मागचे सांगितले पाहिजे.

शहराच्या कडेला गोल्फच्या सरावाचे एक मैदान होते. एका रांगेत अठरा कप्पे. प्रत्येकात हिरवी चटई, बॉल ठेवायची रबराची टी आणि बॉलची बादली. पहिले आठ कप्पे मास्तरांचे आणि पलीकडचे आठ त्यांच्या धाकट्या भावाचे. मधले दोन रिकामे. त्यांत बॉल देणारे एक यंत्र चार वर्षे बंद पडलेले होते, आणि ते दुरुस्त करावे असे कुणाला वाटत नव्हते. दोन्ही बाजूंना त्याचा आडोसा सोयीचा होता. विद्यार्थी थोरल्यांना ‘कंबर-मास्तर’ म्हणत आणि धाकट्याला ‘हात-मास्तर’.

क्लब वर नेणे ही चढण आणि खाली आणणे ही उतरण, हे शब्द त्यांच्या वडिलांचे. चढणीबद्दल भावांत कधी मतभेद झाला नाही. सारा वाद होता तो उतरणीच्या पहिल्या क्षणाचा. थोरल्यांचे म्हणणे असे, की वर क्लब स्थिर झाला की आधी कमरेने निघावे. हात मुकाट मागून येतात. धाकट्याचे म्हणणे, आधी हात आपल्या वजनाने खाली पडू द्यावेत. कमरेला आपली वेळ कळते, तिला ढकलू नये. एक गृहस्थ दोघांकडे आळीपाळीने महिना-महिना शिकले आणि शेवटी टेबल टेनिस खेळू लागले, असे मैदानावर हसत सांगत.

अकरा वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्यात चहा पिता पिता हा वाद भडकला होता.

‘‘दादा, तू उतरण शिकवत नाहीस. तू धक्का मारायला शिकवतोस.’’

‘‘आणि तू आळस शिकवतोस. म्हणे हात पडू द्या! हात काय पिकलेला आंबा आहे?’’

‘‘आंबाच. पिकण्याआधी तोडला तर आंबटच लागणार.’’

सगळे हसले होते. थोरले हसले नाहीत. ते म्हणाले, ‘‘आबांची कंबर आधी जायची. मी मागे उभा राहून रोज बघितलंय. तू आबांना खोटं पाडतोयस.’’ यावर धाकट्याने तोंड उघडले, मग मिटले आणि कप ठेवून तो निघून गेला. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे ‘तुझी बादली इकडे आली आहे’ एवढ्यावर आले.

हे आबा म्हणजे दोघांचे वडील. ते मोठ्या मैदानावर गवत राखण्याच्या कामावर होते. सकाळी सभासद येण्याआधी, कुणी टाकून दिलेल्या क्लबने ते वीस-पंचवीस बॉल मारत. गवतावर ठसे उमटू नयेत म्हणून बूट काढून अनवाणी उभे राहत. त्यांच्या हाताखाली काम करणारे हे दोघे तरुण मुलगे तेव्हा सोबत असत. थोरला मागे बादली घेऊन उभा राही आणि धाकटा पुढ्यात बसून टीवर बॉल ठेवी. आबा कधी काही शिकवत नसत. दोघांनी जे घेतले ते पाहून घेतले. थोरल्यांनी तर ते इतक्या श्रद्धेने घेतले, की डोके काढलेल्या एका जुन्या क्लबची छडी करून तीच कंबर ते पुढे शेकडो विद्यार्थ्यांना लावीत गेले. आणि सगळ्यांत जास्त आपल्या एकुलत्या लेकीला.

डॉक्टरांकडून घरी आल्यावर मास्तर जेवणाच्या टेबलापाशी बसले. त्यांची पत्नी समोर वाटाणे सोलत होती. लेकीने डॉक्टरांचे म्हणणे आईला सांगितले, शेवटपर्यंत, छत्रीसकट. वाटाणे सोलणे थांबले.

‘‘या घरात पाऊल टाकल्यापासून ऐकतेय,’’ आई म्हणाली, ‘‘कंबर आधी की हात आधी, कंबर आधी की हात आधी. माणसाला डोकं पण असतं. ते तेवढं कुणीच आधी काढत नाही.’’

कुणी हसले नाही. लेक म्हणाली, ‘‘बाबा, मला खेळ सोडायचा नाही. दुसरं मला काही येतही नाही. काकांच्या पद्धतीने पाठ वाचेल कदाचित. पण मी तुमच्या मागून त्यांच्याकडे जाणार नाही. तुम्ही मला घेऊन जायचं. आणि त्यांच्यासमोर मला सांगायचं, की आजवर शिकवलं ते सोड.’’

‘‘तुला डॉक्टरांनी सांगितलंच की.’’

‘‘मला सांगून काय उपयोग? माझी कंबर डॉक्टरांना ओळखत नाही. ती तुमचंच ऐकते.’’

‘‘बरं,’’ मास्तर म्हणाले.

पत्नी त्यांच्याकडे पाहतच राहिली. ‘‘नुसतं बरं? अहो, रागवा तरी. नाही तर रडा. पोरीच्या पाठीचं काय होऊन बसलंय, आणि तुम्ही असे बसलाय की जणू बस चुकली आहे आणि पुढची अर्ध्या तासाने आहे.’’

‘‘मला काही होतच नाहीये,’’ ते खरे तेच बोलले. एक वाटाणा घरंगळत त्यांच्या पायाशी आला होता. तो उचलून त्यांनी भांड्यात टाकला. तो भांड्यात पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. तो हाताला लागल्याचे मात्र कळले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ते लेकीला घेऊन बंद यंत्राच्या पलीकडे गेले. धाकटा चटई झाडत होता.

‘‘अरे वा,’’ तो म्हणाला. ‘‘काय दादा, वाट चुकलास? का बादली शोधतोयस?’’

मास्तरांनी खिशातून डॉक्टरांचा कागद काढला आणि त्यावरची वाक्ये जशीच्या तशी वाचून दाखवली. मग कागद घडी करून परत ठेवला. धाकट्याच्या चेहऱ्यावर विजय दिसेल, अशी त्यांनी रात्रीपासून तयारी ठेवली होती. तसे काही दिसले नाही. धाकट्याने झाडू भिंतीला टेकवला, तो घसरून पडला, त्याने पुन्हा टेकवला.

‘‘बाळ, एक मारून दाखव,’’ तो पुतणीला म्हणाला. ‘‘दादा, तू लांब उभा राहा. छडी खाली ठेव.’’

लेकीने सात नंबरचा क्लब घेतला. चढण सुंदर झाली. त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नव्हते. वर क्लब स्थिर झाला आणि तिथेच राहिला. तिचे खांदे थरथरू लागले. एक, दोन, तीन... मग तिने जिभेने टाळूवर बारीक टक् केले, आणि कंबर हिसडून निघाली. बॉल लांब गेला. तिचा डावा हात आपोआप पाठीवर गेला.

‘‘काका, मला दिसतंय की मी चुकतेय,’’ ती म्हणाली. ‘‘पण दुसरीकडून सुरू कसं करायचं, तेच सापडत नाही. दार एकच आहे.’’

‘‘आबांची पद्धत आहे ती,’’ मास्तर म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता. माहिती द्यावी तसे ते बोलले. ‘‘आबांची पाठ शेवटपर्यंत ठणठणीत होती. मग हिचीच का गेली, हे मला कळत नाही. माझं बघण्यात चुकलं असेल तर सांग. मी मागे होतो. कंबर आधीच जायची. डावीकडे, अशी खाली. खरं की नाही?’’

धाकट्याने यंत्राकडे पाहिले.

‘‘खरं आहे,’’ तो म्हणाला. ‘‘जायची.’’

‘‘मग?’’

‘‘दादा, आबांचा डावा बूट आठवतो?’’

‘‘जाड तळाचा. रोलरखाली पाय आला होता त्यांचा, तेव्हापासून.’’

‘‘आणि बॉल मारताना आबा काय करायचे?’’

‘‘बूट काढायचे.’’

इतके बोलून मास्तर थांबले. धाकट्याने पुढचे वाक्य अगदी हळू उच्चारले, पण उच्चारले.

‘‘डावा पाय बोटभर आखूड होता. बूट काढला की त्या बाजूला जमीनच खोल. वरून खाली यायला लागले की त्यांचा तोल डावीकडे जायचा, म्हणून कंबर आधी पडायची. तू मागून कंबर बघत होतास. तुझ्याकडून पाय गवतात झाकलेला. मी पुढ्यात जमिनीवर बसलेला. माझ्या नाकासमोर तो पाय होता. ते लंगडणं होतं, दादा. ती पद्धत नव्हती. स्वतःला सावरायला त्यांनी हात सैल सोडले, म्हणून बॉल सरळ जायचा.’’

दूर कुणी तरी बादली ओतली. बॉल सिमेंटवर उड्या मारत गेले आणि एकेक करून गप्प झाले.

‘‘तुला हे केव्हापासून माहीत?’’

‘‘तेव्हापासून.’’

‘‘मेळाव्यात बोलला का नाहीस?’’

‘‘शंभर माणसांसमोर आबांचं लंगडेपण काढू?’’ धाकट्याचा आवाज प्रथमच चढला. ‘‘तू म्हणालास, मी आबांना खोटं पाडतोय. मला वाटलं, त्यापेक्षा मीच खोटा पडतो. घरी येऊन तुला एकट्याला सांगायला हवं होतं. दोनदा दारापर्यंत आलो. एकदा वहिनींनी चहासुद्धा विचारला. पण हिला तू तेच शिकवतोयस हे रोज इथून दिसत होतं, आणि मी मात्र...’’ त्याने पुतणीकडे पाहिले आणि वाक्य अर्धेच सोडले.

लेक दोघांकडे पाहत उभी होती. ‘‘आबांना कधी कुणी विचारलं नाही? की तुम्ही उतरण कशी सुरू करता?’’

‘‘मी विचारलं होतं एकदा,’’ मास्तर म्हणाले.

‘‘मग काय म्हणाले?’’

‘‘म्हणाले, बॉल हरवू नका.’’

धाकट्याला हसू फुटले; मग लेकीलाही. पाठ धरून ती हसली. मास्तरांना हे गमतीचे आहे हे समजले आणि त्यांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांपुढे दवात उभी असलेली ती दोन पावले होती, एक सपाट टेकलेले आणि एक टाचेने जमीन शोधणारे. ती आपल्याला पूर्वी कधीच दिसली नव्हती की दिसूनही घेतली नव्हती, हे त्यांना ठरवता येईना. आता तरी आत काही हलेल म्हणून ते थांबले. आत दुपारच्या बंद दुकानासारखी शांतता होती. पण सांगायचे ते सांगण्यासाठी आत काही हलायला हवेच असे नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. डॉक्टरांनी निदान सांगितले, तेव्हा त्यांचा स्वर तरी कुठे हलला होता?

ते लेकीसमोर येऊन उभे राहिले. शिकवताना ते नेहमी मागे असत. सतरा वर्षांत असे समोर उभे राहण्याचे प्रसंग फार आले नव्हते.

‘‘बाळ,’’ ते म्हणाले, ‘‘मी तुला उतरणीची सुरुवात चुकीची शिकवली. आबांनी मला ती शिकवली नव्हती. मीच बघून ठरवली. त्यांचा अधूपणा मी विद्या म्हणून घेतला आणि तुझ्या कमरेला लावला. ते सोड. माझं त्या बाबतीत ऐकू नकोस. आजपासून काका सांगतील तसं कर.’’

शब्द फलकावरून वाचल्यासारखे सरळ एका ओळीत आले. पहिल्या आठ कप्प्यांतून त्यांचे तीन-चार विद्यार्थी यंत्राच्या कडेने डोकावत होते. त्यांनीही ते ऐकले. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिले आणि आवाज कमी केला नाही.

लेकीने मान खाली घातली. ‘‘हं,’’ एवढेच म्हणाली.

धाकट्याने मात्र डोके हलवले. ‘‘असं नाही होणार, दादा. ही माझ्याकडे आली तरी टक् हिच्या डोक्यात आहे. ते मला काढता येणार नाही. छडी उचल.’’

‘‘कशाला?’’

‘‘नेहमीच्या जागी उभा राहा. छडी नेहमीसारखी धर. आणि मारू नकोस. हिला कळू दे, की छडी आहे, बाबा आहेत, आणि टक् येत नाही.’’

मास्तर मागे जाऊन उभे राहिले. लेकीने क्लब वर नेला. छडीचे टोक तिच्या कमरेपासून वीतभर अंतरावर होते. तिचे खांदे थरथरले. मास्तरांच्या मनगटात सवय उसळली. त्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट धरले. लेक थकली आणि क्लब तसाच खाली घेऊन उभी राहिली.

‘‘पुन्हा,’’ धाकटा म्हणाला. ‘‘जिभेने टक् नाही करायचं. दात मिटू नकोस. हात वर कंटाळू देत. कंटाळले की येतील खाली.’’

‘‘काका, हात तुमचे शिष्य वाटतात. आळशी.’’

‘‘तुझ्या बाबांनीच लावलाय तो शोध.’’

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, सातव्यांदा तेच झाले. एकदा कंबर निघालीच आणि तिने कळवळून दम घेतला. मास्तर छडी टाकून पुढे होणार, तोच धाकट्याने हाताने त्यांना थोपवले. कामाला निघालेली माणसे मैदानाबाहेरच्या रस्त्याने चालली होती. धाकट्याच्या सकाळच्या विद्यार्थ्याला आज थांबावे लागेल, असे कुणी तरी सांगून आले.

किती वेळा झाले कुणी मोजले नाही. एका वेळी क्लब वर गेला, थांबला, आणि त्या थांबण्यात कुणाची वाट पाहणे राहिले नव्हते. मास्तर मागेच उभे असल्याने त्यांना ते आधी दिसले. हात आपल्या भाराने थोडे खाली आले, आणि मग कंबर उशिरा, कुणी न सांगता, सावकाश वळली. बॉल जेमतेम ऐंशी पावले गेला आणि गवतात बसला.

तिघेही त्या बॉलकडे पाहत राहिले. इतका वाईट फटका लेकीने वयाच्या बाराव्या वर्षानंतर मारला नव्हता.

‘‘दुखलं?’’ मास्तरांनी विचारले.

ती आपल्या पाठीची चौकशी करीत असल्यासारखी क्षणभर थांबली. ‘‘नाही. या वेळी नाही.’’

‘‘अजून एक मार,’’ धाकटा म्हणाला. ‘‘मग आजच्यापुरतं पुरे. घाई नको.’’

मास्तरांनी छडी बंद यंत्राला टेकवून ठेवली. ती धरून धरून तळहातावर एक लांब वळ उठला होता. त्यांनी त्यावर अंगठा फिरवला. थोडेसे दुखले. ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. धाकट्याने दोन बादल्या उलट्या केल्या, एक भावाकडे सरकवली आणि दोघे बसून पुढची चढण पाहू लागले. या वेळी दोघेही पुढच्या बाजूला बसले होते.

दारापर्यंत आलेल्याला चहा विचारणारी ती माउली सुखी असो. उशिरा बोललेल्या धाकट्याचे मन हळूहळू हलके होवो. मास्तरांच्या हाताला स्पर्श पुन्हा ओळखीचा होवो, आणि दवात अनवाणी उभ्या राहणाऱ्या त्या वडिलांच्या दोन्ही पायांखाली जमीन सारखी असो. लेकीला मात्र एवढेच मिळो, की पुष्कळ वर्षे, रोज सकाळी, वाकून आपल्या बुटांच्या नाड्या तिला आपल्याच हातांनी बांधता येवोत.